आधी लायसन, मग टेकडी, मग कॉम्प्युटर



आज पिकाच्या नोंदी थोडक्यात. सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे, हरभऱ्याची पेरणी चालू आहे. मर रोगावर बीजप्रक्रियेचं उद्या-परवा लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतो. महिन्याभरात चार-पाच पोट्ट्यांनी मला एकाच धर्तीचे व्हिडिओ पाठवले. स्वस्तातला चायना वॉकीटॉकी घ्या, दोन वायरी लावून कॉम्प्युटरला जोडा आणि वावरात उभं राहून अमेरिकेतल्या माणसाशी बोला. खाली सगळ्यांचा एकच प्रश्न, "काका, आपल्या गावात करायचं का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा वेळ नसला तरी चालेल. करायचं. पण उलट्या क्रमानं नाही. आधी लायसन, मग सेट-टू-सेट सरळ बोलणं आणि टेकडीवरचा अँटेना, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. व्हिडिओवाले शेवटची पायरी पहिली दाखवतात, कारण ती दिसायला भारी असते. आपल्याला दिसायला भारी नको, अडीच्या रात्री चालणारं पायजे.

गरज काय?

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, गावचा ग्रुप आहे, मग शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट कशाला?

आपल्या कामाची वेळ पाहा. रब्बीत लाईन रात्री येते, म्हणून माणूस रात्री पाण्यावर. रोही आणि रानडुकरांमुळे जागल. पावसाळ्यात वीज पडायची भीती, आणि नाल्याला पाणी आलं की अलीकडचा अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. आमच्या शिवारात तर टेकडीच्या मागच्या बाजूला मोबाईलला एक कांडी येते, ती पण आभाळ निरभ्र असलं तर. लाईन गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग तोही झोपतो. म्हणजे ज्या रात्री फोन सगळ्यात जास्त लागतो त्याच रात्री तो नसतो. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांच्या काठावरच्या मंडळींना हे मी सांगायची गरज नाही.

हे फक्त खेड्याचं दुखणं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात मोबाईल मुके झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तर आपल्याकडे मोबाईलच नव्हते. तिथं हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात ते, आपले सेट घेऊन गेले आणि निरोप पोचवले. २००४ ची त्सुनामी आठवा. दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती त्या डिसेंबरात अंदमानला हॅम रेडिओच्या मोहिमेवर गेले होते. हौस म्हणून जगभरच्या लोकांशी बोलायला. २६ डिसेंबरला लाट आली, बेटांचे फोन गेले, आणि पोर्ट ब्लेअरला लावलेलं तेच हौसेचं स्टेशन निरोपाचं स्टेशन झालं. कोण जिवंत आहे, कोणाला काय लागतं, हे त्या सेटवरून बाहेर गेलं.

त्यातली गोष्ट लक्षात घ्या. संकट आल्यावर कोणी सेट विकत आणला नाही. सेट आधीच लागलेला होता, अँटेना आधीच उभा होता, आणि माणसाला बोलायची सवय आधीच होती. पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्तीला टाकणारा कास्तकार आणि पुराच्या दिवशी रेडिओ शिकणारं गाव, दोघांचं एकच होते.

हातातला सेट किती लांब जाते?

हे हातातले सेट साधारण पाच वॅटचे असतात. बॅटरीच्या फवारणी पंपाच्या किमतीच्या आसपास मिळतात. खोक्यावर कुठे दहा, कुठे वीस किलोमीटर लिहिलेलं असते. त्यावर जाऊ नका. या लहरी सरळ रेषेत जातात. नजरेच्या टप्प्यात असलं तर बोलणं होते, मधे टेकडी आली की संपलं.

एक सोपा हिशोब ठेवा. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चारनं गुणा. तेवढे किलोमीटर त्या अँटेनाचं क्षितिज. माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर, म्हणजे साधारण पाच किलोमीटर. सोळा मीटरच्या खांबावर, म्हणजे सोळा किलोमीटर. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर, म्हणजे चाळीस. दोन्ही टोकांचे आकडे जोडले की जास्तीत जास्त पल्ला निघते. झाडं, घरं, पऱ्हाटी, मधले चढउतार यांचं त्यातून वजा करा. सपाटीवर हातातल्या दोन सेटचं बोलणं प्रत्यक्षात दोन-चार किलोमीटरच धरा.

यातून काय समजलं? वॅट वाढवून फार फरक पडत नाही, उंची वाढवून पडते. आणि उंचीच्या बाबतीत आपला वाशिम जिल्हा नशीबवान आहे. आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसलो आहोत. आपलं काही पाणी दक्षिणेला पैनगंगेत जाते, काही काटेपूर्णेवाटे उत्तरेला पूर्णेकडे जाते. मालेगाव, मंगरूळपीर, मानोऱ्याकडे टेकड्यांची रांगच आहे. मोटारपंप न लावता उताराचं पाणी मिळावं तशी ही फुकटची उंची आहे. एका चांगल्या टेकडीवर एक रिपीटर बसला, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर लगेच पुन्हा बोलणारं यंत्र, तर खाली दोन्ही अंगच्या गावांतले हातातले सेट एकमेकांना ऐकू येतील. यात इंटरनेट कुठेच आलं नाही, हे ध्यानात ठेवा.

मग कॉम्प्युटर कशाला?

आता त्या व्हिडिओकडे येतो. त्यात दाखवतात ते खोटं नाही. एक सेट कॉम्प्युटरजवळ कायमचा ठेवायचा. त्याच्या स्पीकरच्या भोकातून निघणारा आवाज कॉम्प्युटरच्या माईकला द्यायचा. कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज सेटच्या माईकला द्यायचा. आणि बोलायच्या वेळी सेटचं बटन दाबलं जाईल अशी सोय करायची. आवाज नेटवरून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या अशाच कॉम्प्युटरवर जाते आणि तिथल्या सेटमधून हवेत निघते. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर हातातला सेट म्हणजे सरी, कॉम्प्युटरजवळचा सेट म्हणजे दारं, आणि नेट म्हणजे कॅनॉल.

ही कल्पना नवी नाही. कॅनडात १९९७ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांनी आयआरएलपी नावानं रेडिओ असे नेटवर जोडले. अमेरिकेत जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये एकोलिंक काढलं. ते घरच्या साध्या कॉम्प्युटरवर चालते म्हणून जगभर पसरलं. एकोलिंकवर कोणालाही घुसता येत नाही, तुमचं हॅम लायसन तपासून मगच आत घेतात. स्वीडनचे टोबियास ब्लोमबर्ग यांनी एसव्हीएक्सलिंक केलं, ते लिनक्सवर चालते, म्हणजे तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर पण बसते. वीज कमी खाते, म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी मोठ्या कॉम्प्युटरपेक्षा तेच बरं.

ज्यांना खरंच जोडायचं आहे त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी लिहितो. व्हिडिओत या सांगत नाहीत.

१) आवाजाची पातळी. कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज सेटच्या माईकच्या मानानं लय जोरात असते. तसाच दिला तर समोरच्याला फाटका आवाज जाते. मधे रेझिस्टन्स टाकून तो कमी करावा लागते. नळीच्या तोंडाला ठिबकची लॅटरल थेट जोडत नाही, तसंच.

२) गुणगुण. सेट आणि कॉम्प्युटर दोन वेगवेगळ्या चार्जरवर असले की वायरीतून हूं असा आवाज येते. त्यासाठी आवाजाच्या वायरीत छोटे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकायचे. आणि अँटेना कॉम्प्युटरजवळ ठेवायचा नाही, बाहेर उंच न्यायचा, नाहीतर सेट बोलायला लागला की कॉम्प्युटर अडकते.

३) गरमी. हातातले सेट थोडं बोलायला आणि जास्त ऐकायला बनवलेले आहेत. लिंकवर ते लांबलांब बोलतात आणि तापतात. म्हणून तिथं कमी पॉवरवर, एक वॅटवर ठेवायचे, आणि सलग बोलण्याला टायमर लावायचा. उगाच खरखर ऐकून सेट आपोआप सुरू होऊ नये म्हणून टोन लावून ठेवायचा.

४) बॅटरी. आपल्याकडे फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या घरोघरी आहेत, पण हातातल्या सेटची बॅटरी ७.४ व्होल्टची असते. बारा व्होल्ट थेट लावले तर सेट गेला. त्याच्यासाठी एलिमिनेटर मिळते, ते लावा. छोटा कॉम्प्युटर, राउटर आणि सेट मिळून पंधरा वॅट धरले, तर १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची पंपाची बॅटरी कागदावर सहा तास चालते. जुनी असली तर तीन धरा. रात्र काढायची तर मोठी बॅटरी आणि सोलर प्लेट लागेलच.

अर्धा शब्द गेला तर

या चारपेक्षा मोठी एक गोष्ट आहे, तिच्यावर जास्त बोलतो. स्वस्तातल्या जोडणीत बटन दाबायला वेगळी वायर नसते. सेटमधली व्हॉक्स नावाची सोय वापरतात. आवाज आला की सेट आपोआप बोलायला लागते. अडचण अशी की आवाज ओळखून सुरू व्हायला त्याला थोडा वेळ लागते, आणि तेवढ्यात पहिला शब्द किंवा अर्धा शब्द गिळला जाते. नेटच्या वाटेत आणखी थोडा उशीर होते. आणि हातातल्या सेटवर बोलणारा घाईत बटन लवकर सोडते, तेव्हा शेवटचा शब्द जाते.

इंग्रजीवाल्यांनी "हॅलो" गमावलं तर बिघडत नाही. आपल्या मराठीत नकार कुठे बसते ते पाहा. "नका येऊ, पूल बुडाला" यातलं पहिलं "नका" गेलं, तर पलीकडे काय ऐकू येईल? "येऊ, पूल..." आणि "पाणी सोडू नका" असं म्हणून शेवटी बटन लवकर सोडलं, तर पलीकडे "पाणी सोडू" एवढंच जाईल. आपल्या भाषेत जीव वाचवणारा शब्द वाक्याच्या टोकाला असते, आणि रेडिओ टोकंच खाते.

म्हणून माझं ठाम मत आहे की गावाच्या कामासाठी व्हॉक्सवरची जोडणी नको. बटनासाठी वेगळी वायर पायजे. त्यासाठी लागणारं यूएसबी साऊंड कार्ड फार महाग नसते, आणि एक ट्रान्झिस्टर सोल्डर करणारा मोटार वाइंडिंगवाला प्रत्येक तालुक्यात आहे. आणि बोलायची शिस्त पायजे. बटन दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. बोलून झालं की पुन्हा एक म्हणा, मग सोडा. नकाराचा निरोप दोनदा, वेगळ्या शब्दात द्या. "थांबा. पूल बुडाला. थांबा, तिकडेच राहा." समोरच्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. कृषी केंद्रात औषधाचं नाव आणि प्रमाण आपण दोनदा विचारून घेतो, तसंच.

कॅनॉल फुटला तर

आता माझ्या मताचा गाभा. कॉम्प्युटरची लिंक नेटवर चालते. नेट ज्या केबलवरून किंवा ज्या टॉवरवरून येते, तो पूर आल्यावर बंद पडते. म्हणजे ज्या रोगावर आपण औषध शोधतो आहोत, तोच रोग या औषधाला होते. कॅनॉल फुटला तर दारं कितीही चांगलं असलं तरी सरीत पाणी येत नाही.

याचा अर्थ लिंक फालतू आहे असा नाही. तिची जागा ओळखायची. पूर तालुक्यापुरता असला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेट चालू असलं, तर टेकडीवरच्या रिपीटरवरून निरोप वाशिमपर्यंत येईल आणि तिथून लिंकनं नागपूर, पुणे, हैदराबादपर्यंत जाईल. हैदराबादला हॅम रेडिओची राष्ट्रीय संस्था आहे, अंदमानच्या मोहिमेमागं तीच होती. लिंकचं दुसरं काम रोजच्या सरावाचं. खेड्यातल्या नव्या पोराला आजूबाजूला बोलायला कोणी हॅम नसते, तेव्हा लिंकवरून अनुभवी लोकांशी बोलून तो तयार होते. बोलायला कोणी नसलं की सेट सहा महिन्यात माळ्यावर जाते, हे मी शेतीच्या किती तरी यंत्रांचं पाहिलं आहे.

म्हणून पुरासाठी जो बेत नेटशिवाय उभा राहत नाही, तो पुराचा बेत नाही. नेट असलं तर लांबचं बोलू, नसलं तर जवळचं तरी बोलू, अशी रचना पायजे. व्हिडिओतली रचना नेट असलं तर अमेरिका, नसलं तर काहीच नाही अशी आहे.

कायदा काय म्हणते?

हे सगळ्यात आधी लिहायला पायजे होतं असं काहीजण म्हणतील. पण गरज आणि गुण कळल्याशिवाय कायदा कोणी वाचत नाही.

आपल्या देशात रेडिओ सेट वापरायलाच नाही, नुसता जवळ बाळगायला पण परवाना लागते. हा नियम १९३३ च्या कायद्यापासून आहे. ऑनलाईन सहज मिळते म्हणजे कायदेशीर आहे असं नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकी अशा विकण्यावरून मोठमोठ्या ऑनलाईन दुकानांना नोटिसा दिल्या, आणि त्याच वर्षी विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दुकान नोटिशीतून सुटून जाईल, सेट सापडलेला पोट्टा सुटणार नाही. हे सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतात, आणि त्या पट्ट्यात सरकारी खात्यांची बोलणी चालतात. गंमत म्हणून बटन दाबलेल्या पोराला ते माहीत नसते.

रस्ता मात्र सरळ आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा हॅम लायसन देते. बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही परीक्षेला बसू शकते. शिक्षणाची अट आड येत नाही. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सची टकटक यावी लागत नाही, थोडी वीज-रेडिओची माहिती आणि नियम, एवढंच. विदर्भात नागपूरला परीक्षा होते. अर्ज सरल संचार पोर्टलवर. लायसनची फी वीस वर्षांला १००० रुपये, आयुष्यभराची २००० रुपये. पोलिस पडताळणी होते, वेळ लागते, धीर ठेवा. मग स्वतःचं कॉल साईन मिळते, व्हीयू नं सुरू होणारं. बोलायची जागा १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ.

पण हॅम लायसनवर धंद्याचं बोलणं चालत नाही. "सोयाबीनचा आजचा भाव काय", "उद्या मजूर पाठव", "हार्वेस्टर इकडे वळव" हे तिथं बोलायचं नाही. ही सेवा शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि संकटात निरोपासाठी आहे. आणि लिंक लावणाऱ्यावर जबाबदारी दुप्पट. नेटवरून कोणी कुठून काही बोललं तरी ते तुमच्या सेटमधून, तुमच्या कॉल साईनवर हवेत जाते. म्हणून नेटला जोडायच्या आधी लायसनच्या अटी नीट वाचा, डब्ल्यूपीसीला लेखी विचारा, उत्तर फाईलला लावा, मगच वायर लावा. आणि स्टेशनजवळ लायसनवाला माणूस नसेल तेव्हा लिंक बंद.

मग वावरातलं रोजचं काम? त्याला वेगळी सोय आहे. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी पॉवरचे, सरकारी मान्यता असलेले वॉकीटॉकी लायसनशिवाय वापरता येतात. मोटारपंपावरचा आणि दारं धरणारा, ट्रॅक्टरवाला आणि धुऱ्यावरचा, एवढ्याला ते पुरतात. फक्त पाच वॅटचा चायना सेट ४४६ वर लावला म्हणजे तो लायसनमुक्त झाला असं समजू नका. मुभा त्या कमी पॉवरच्या मान्यताप्राप्त सेटला आहे, नुसत्या आकड्याला नाही.

कृषी अधिकारी आणि विद्यापीठाची मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही एक सांगणं. जमिनीतल्या ओलीचे, पावसाचे आकडे वावरातून आणायला हॅमचा बँड वापरू नका, वापरू देऊ नका. त्याला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा लायसनमुक्त पट्टा आहे, लोरा नावाचे सेन्सर त्यावर चालतात. बॅटरी कमी खातात आणि लांब जातात. प्रत्येक कामाला त्याचं औजार. कोळप्यानं नांगरट होत नाही.

पोरांचं काय?

मी दहावी पास माणूस. माझ्यासारख्याला हे जमते, तर सायन्सच्या पोरांना का जमू नये? पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या पोरांनी "स्वयम्" नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ ला इस्रोनं तो वर सोडला. त्याचं काम काय, तर हॅम लोकांचे निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी द्यायचे. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकात होते तेव्हा हॅम रेडिओवरूनच शाळेच्या पोरांशी बोलले. अवकाश स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे ज्या स्वस्तातल्या हातातल्या सेटबद्दल आपण बोलतो आहोत, त्याच्या टप्प्यातच. डोक्यावरून जाताना वावरातून ऐकू येते, कारण मधे टेकडी नसते. सरळ रेषेचा धडा याच्यापेक्षा चांगला कुठल्या पुस्तकात नाही.

आणि फक्त पोट्टे नाही, पोरी पण. अंदमानला सेटवर बसल्या होत्या त्या बाईच होत्या. पुरात पुरुष मंडळी बाहेर असतात, घरी सेट सांभाळणारी बाई असली तर स्टेशन चालू राहते.

बंगालमधले हॅम रेडिओवाले गंगासागरच्या मेळ्यात हरवलेल्या माणसांना त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देतात. आपल्याकडे रामनवमीला पोहरादेवीला केवढी गर्दी लोटते, आणि त्या गर्दीत फोन लागत नाही हे गेलेल्यांना माहीत आहे. पूर येण्याची वाट न पाहता सराव करायला अशी जागा दुसरी नाही. हरवलेलं लेकरू आईला भेटलं की गावाला रेडिओ काय हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

माझा बेत

नुसतं मत देऊन उठायचं नाही, म्हणून काय करावं ते लिहितो.

पहिलं, प्रत्येक महसूल मंडळातून दोन माणसं. एक शाळेचा विज्ञानाचा मास्तर किंवा मॅडम, एक गावातच राहणारा तरुण कास्तकार. नोकरीसाठी पुण्याला जाणारा नको, त्याच्यासोबत लायसन पण पुण्याला जाते.

दुसरं, अभ्यासाचा वर्ग. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात रविवारी जागा मागू. शिकवायला नागपूरकडचे जुने हॅम बोलावू. सगळ्यांनी सोबत नागपूरला परीक्षा द्यायची.

तिसरं, लायसन हातात आल्यावरच सेट घ्यायचे, बिलासकट. आधी घेतलेला सेट म्हणजे परवान्याआधी घेतलेली बंदूक.

चौथं, रविवारी रात्री आठ ते सव्वाआठ हजेरी. प्रत्येकानं कॉल साईन, गाव आणि आवाज कसा आला ते सांगायचं, वहीत लिहायचं. सहा महिन्यांच्या वहीवरून कळेल कोणत्या गावाला कोणती टेकडी दिसते. ही वही आपल्या जिल्ह्याचा खरा नकाशा असेल, कोणत्याही ॲपमध्ये तो नाही.

पाचवं, त्या नकाशावरून टेकडी ठरवून रिपीटरची रीतसर परवानगी मागायची. टेकडी वन खात्याची असेल तर त्यांची वेगळी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं, कारण निरोप पोचून उपयोग नाही, तो ज्याच्या हाती बोट आणि माणसं आहेत त्याच्यापर्यंत पोचला पायजे.

सहावं आणि शेवटचं, कॉम्प्युटरची लिंक. लेखी परवानगीसह, बटनाच्या वेगळ्या वायरीसह, सोलरच्या बॅटरीसह. आणि महिन्यातून एका रविवारी मुद्दाम नेट बंद करून हजेरी घ्यायची. त्या दिवशी जेवढी गावं ऐकू येतील, तेवढीच खरी जोडलेली गावं. बाकीची नुसती नेटची पाहुणी.

ज्यांच्या घरात बारा वर्षांवरचं, उपकरणं खोलून पाहणारं लेकरू आहे, त्यांनी त्याला हा मजकूर वाचायला द्या. आणि व्हिडिओ पाहून सेट मागवला असेल तर खोकं उघडायच्या आधी परत करा. परीक्षेचा अर्ज त्याच्यापेक्षा स्वस्त आहे.

हरभऱ्याचं परवा लिहितो. बियाण्याला ट्रायकोडर्मा लावायला विसरू नका.

राम राम.